जुन्या संगणकातला चुकीचा ड्रायव्हर काढताना

आज जवळ कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण पडद्यावरची काही नावं लिहून घ्यावी लागतील. ती नावं मी पडद्यावर दिसतात तशीच, इंग्रजी उच्चारानं सांगणार आहे. त्यांचं मराठी करून सांगितलं तर संगणकापुढे बसल्यावर ती सापडणार नाहीत.

विषय आहे चुकीच्या ड्रायव्हरचा. आपल्या अनेक घरांत एक दहा-बारा वर्षांचा जुना लॅपटॉप असतो. नवा आला तरी तो टाकवत नाही, कारण भारतातले फोटो त्यात असतात, आईबाबा इथे येतात तेव्हा मालिका त्यावरच लागतात, आणि रविवारी सकाळी पुण्याला किंवा नागपूरला व्हिडिओ कॉलही त्यावरूनच होतो. मग एके दिवशी आवाज बंद पडतो. कुठे वाय-फाय दिसेनासं होतं, कुठे पडद्यावरची अक्षरं भोपळ्याएवढी होतात. आदल्या दिवशी काय केलं होतं असं विचारलं की उत्तर बहुतेक एकच मिळतं: "काही नाही हो, ते अपडेट करा म्हणून आलं होतं, मी हो म्हटलं."

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. विंडोज एक भाषा बोलते आणि आवाजाची चिप, वाय-फायचं कार्ड, प्रिंटर आपापली भाषा बोलतात. मधला दुभाषा बरोबर असला तर कुणाला त्याचं अस्तित्वही जाणवत नाही. तमिळ बोलणाऱ्या माणसासमोर गुजराती दुभाषा आणून बसवला, तर दोन्ही माणसं धडधाकट असूनही काम अडतं. म्हणून लॅपटॉपचा आवाज गेला की "स्पीकर जळला" असं लगेच धरून चालू नका. दुरुस्तीच्या दुकानात पैसे मोजण्याआधी अर्धा तास या गोष्टीला द्या.

चुकीचा ड्रायव्हर आत येतो कसा, ते आधी सांगते. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या वेगवेगळ्या चिपा बसवतात. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, मॉडेलचं नावही तेच, पण एकात एका कंपनीचं वाय-फाय कार्ड आणि दुसऱ्यात भलत्याच. त्यामुळे "माझ्या भावाकडे हाच लॅपटॉप आहे, त्याची फाइल घेतली" हा उपाय कधी लागू पडतो, कधी घोळ करतो. दुसरं कारण बत्तीस बिट आणि चौसष्ट बिटचं. बत्तीस बिट विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर चौसष्ट बिट विंडोजवर चालत नाही, आणि जुन्या प्रिंटर-स्कॅनरच्या सीडीवर पुष्कळदा फक्त बत्तीस बिटचाच असतो. तिसरं आणि हल्ली सर्वांत जास्त दिसणारं कारण म्हणजे "तुमच्या संगणकात सत्तावीस ड्रायव्हर जुने आहेत" असं लाल अक्षरांत ओरडणारे प्रोग्रॅम. ते आकडा मोठा दाखवतात, पैसे मागतात, आणि अंदाजपंचे ड्रायव्हर बसवतात. माझं मत विचाराल तर असला एकही प्रोग्रॅम घरातल्या संगणकावर असू नये. आधी तो काढा, नाहीतर तुम्ही काढलेला ड्रायव्हर तो संध्याकाळी पुन्हा आणून बसवेल.

आता काम सुरू करण्यापूर्वीची तयारी. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. ड्रायव्हर काढताना फाइल्सना धक्का लागत नाही, पण जुन्या यंत्राचा भरवसा धरू नये. मग स्टार्टच्या शोधपट्टीत "क्रिएट अ रिस्टोर पॉइंट" असं टाइप करा. जी खिडकी उघडेल तिच्यात सी ड्राइव्हपुढे प्रोटेक्शन "ऑफ" लिहिलं असेल, तर "कॉन्फिगर" दाबून ते चालू करा. विंडोज दहामध्ये ते पुष्कळदा बंदच असतं. मग "क्रिएट" दाबून आजची तारीख नाव म्हणून द्या. काही बिघडलं तर यंत्र या क्षणाच्या स्थितीला परत आणता येतं. त्यात तुमचे फोटो आणि पत्रं जशीच्या तशी राहतात, फक्त मधल्या काळात बसवलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात.

एक वायरचा साधा यूएसबी माऊस जवळ ठेवा. टचपॅडचाच ड्रायव्हर काढला आणि बाण हलेनासा झाला, तर पुढची पायरी करणार कशी? तसंच वाय-फायचं. वाय-फायचा ड्रायव्हर काढायचा असेल तर योग्य ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. ते राहून गेलं असेल तर अँड्रॉइड फोन केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये "यूएसबी टिथरिंग" चालू करा. बहुतेक वेळा लॅपटॉपला फोनमार्फत इंटरनेट मिळतं, वाय-फाय कार्ड मेलेलं असलं तरी.

आणखी एक सावधगिरी खास आपल्या लोकांसाठी. मंडळाच्या जुन्या स्मरणिका, कुणाच्या वडिलांच्या कविता, लग्नपत्रिका अशा कितीतरी गोष्टी युनिकोड येण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या प्रणालींच्या काही आवृत्त्यांबरोबर एक हार्डवेअर लॉक येत असे. संगणकाच्या मागे खोचायचा छोटा ठोकळा, ज्याला आपण सगळे डोंगल म्हणतो. तो ओळखायलाही ड्रायव्हर लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एखादं अनोळखी नाव दिसलं आणि "हे काय कामाचं" म्हणून काढून टाकलं, तर दुसऱ्या दिवशी तो प्रोग्रॅम उघडायचं नाकारतो. त्याची सीडी आता घरात सापडेल याची खात्री नाही, आणि त्या ठोकळ्यासाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हर मिळेलच असंही नाही. तुमच्या जुन्या यंत्रात असं काही असेल, तर आजच त्या फाइल्स उघडून त्यांच्या पीडीएफ करून ठेवा, आणि मगच ड्रायव्हरच्या वाटेला जा. अक्षरं पुढेमागे युनिकोडमध्ये बदलता येतील, पण निदान पान डोळ्यांना वाचता येईल एवढं तरी हातात राहू द्या.

चला, डिव्हाइस मॅनेजर उघडूया. विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि एक्स एकदम दाबा, यादी येईल, त्यात ते नाव आहे. तुमच्याकडे अजून विंडोज सात असेल तर स्टार्टच्या शोधपट्टीत "डिव्हाइस मॅनेजर" टाइप करा. यंत्रातल्या भागांची लांब यादी दिसेल. जिथे पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह आहे तिथे तक्रार आहे. त्या ओळीवर दोनदा क्लिक केलं की "डिव्हाइस स्टेटस" नावाच्या चौकटीत एक वाक्य आणि एक कोड दिसतो. तो कोड लिहून घ्या. दहा म्हणजे यंत्राचा तो भाग सुरू होत नाही. अठ्ठावीस म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही. एकोणचाळीस म्हणजे ड्रायव्हर खराब आहे किंवा सापडत नाही. बावन्न म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. त्रेचाळीस आला तर जरा थांबा. त्यात तो भागच "मला काहीतरी झालंय" असं कळवत असतो. दोष ड्रायव्हरचा असू शकतो, तसाच वायरचा किंवा यंत्राचाही.

पण पिवळा त्रिकोण नसला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. चुकीचा ड्रायव्हर कधी कधी मुकाट्यानं बसलेला असतो, सगळं व्यवस्थित आहे असं सांगतो आणि आवाज मात्र येत नाही. म्हणून त्याच खिडकीतल्या "ड्रायव्हर" या भागात जा. तिथे ड्रायव्हर कुणाचा, कोणत्या तारखेचा आणि कितव्या आवृत्तीचा ते लिहिलेलं असतं. हे तिन्ही कागदावर उतरवा.

इथे एक गंमत सांगते, कारण तिच्यामुळे पुष्कळ जण फसतात. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या अनेक ड्रायव्हरांवर 21 जून 2006 ही तारीख दिसते. ती पाहून माणूस म्हणतो, "अरे बापरे, केवढा जुना!" आणि नवीन शोधायला निघतो. ती तारीख मायक्रोसॉफ्टनं मुद्दाम जुनी ठेवलेली आहे. एकाच भागासाठी दोन ड्रायव्हर लागू पडत असतील तर विंडोज निवड करताना तारीखही बघते. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा खास ड्रायव्हर असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण ड्रायव्हरनं त्याच्यावर कुरघोडी करू नये, म्हणून ही व्यवस्था. तेव्हा 2006 दिसलं म्हणजे काही बदलायलाच हवं असं नाही.

आता प्रत्यक्ष काढणं. ड्रायव्हरच्या त्याच भागात "रोल बॅक ड्रायव्हर" असं बटण आहे. ते ठळक दिसत असेल तर तुमचं नशीब चांगलं. विंडोजनं आधीचा ड्रायव्हर जपून ठेवला आहे. दाबा, कारण विचारेल, काहीही निवडा, रीस्टार्ट करा आणि आवाज येतो का पाहा. पुष्कळांचं काम इथेच होतं. बटण फिकट असेल तर परत जायला आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही, पुढे चला.

पुढचं बटण "अनइन्स्टॉल डिव्हाइस". ते दाबल्यावर एक छोटी खिडकी येते आणि तिच्यात एक रिकामा चौकोन असतो. त्यापुढे "डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर फॉर धिस डिव्हाइस" असं लिहिलेलं असतं. अलीकडच्या विंडोजमध्ये शब्द थोडे वेगळे आहेत, "अटेम्प्ट टू रिमूव्ह द ड्रायव्हर" असे. आजच्या कार्यक्रमातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हा चौकोन. बहुतेक लोक त्यात खूण न करता पुढे जातात. यादीतून ते नाव गेलेलं दिसतं, त्यांना वाटतं झालं काम. रीस्टार्ट केल्यावर तोच चुकीचा ड्रायव्हर पुन्हा हजर! मग "मी पाच वेळा काढला हो, जातच नाही" अशी तक्रार येते.

असं का होतं? विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये "ड्रायव्हर स्टोर" नावाचं एक कोठार आहे. कोणताही ड्रायव्हर बसवताना त्याची पूर्ण प्रत आधी या कोठारात जाते आणि तिथून बसवली जाते. चौकोनात खूण न करता अनइन्स्टॉल केलं तर फक्त त्या भागाची नोंद पुसली जाते, कोठारातला माल तसाच राहतो. रीस्टार्टनंतर विंडोजला तो भाग नव्यानं सापडतो, ती कोठारात डोकावते, आणि हाताला लागलेला ड्रायव्हर बसवून टाकते. खूण केली तर कोठारातूनही प्रत जाते. चौकोन दिसलाच नाही तर बहुधा तो ड्रायव्हर विंडोजच्या स्वतःच्या संग्रहातला असतो, आणि तो काढायचा नसतोच.

एक सूचना इथेच देऊन ठेवते. हे कोठार सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात आत सापडतं, आणि ते काही जीबींचं झालेलं पाहून काहींचे हात शिवशिवतात. त्यातल्या फाइल्स हातानं पुसू नका. कोणता ड्रायव्हर कुठे वापरात आहे याचा हिशोब विंडोज ठेवत असते, आणि तुम्ही पानं फाडलीत तर तो हिशोब जुळत नाही.

आणि "शट डाउन" व "रीस्टार्ट" यांतला फरक. विंडोज आठपासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, आणि चालू करताना तीच परत उचलली जाते. म्हणजे तुम्ही बंद करून चालू केलंत तरी यंत्रानं खऱ्या अर्थानं नव्यानं सुरुवात केलेली नसते. रीस्टार्टमध्ये मात्र पूर्ण सुरुवात होते. ड्रायव्हरच्या कामात म्हणून नेहमी रीस्टार्टच निवडायचं. उलटं वाटतं खरं.

खूण करूनही तो परत येत असेल, तर कोठारात त्याच्या दोन-तीन आवृत्त्या असण्याची शक्यता मोठी. त्या अपडेटच्या प्रोग्रॅमांनी भर घातलेली असते. एक गेली की दुसरी पुढे येते. अशा वेळी काढा, रीस्टार्ट करा, पुन्हा पाहा, पुन्हा खूण करून काढा. ड्रायव्हरच्या भागातला आवृत्तीचा आकडा दर वेळी बदलतोय का ते कागदाशी ताडून बघा. बदलत असेल तर तुम्ही पुढे सरकत आहात.

ज्यांना काळ्या खिडकीची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी एक थेट वाट आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या खिडकीत "डिटेल्स" उघडा, वरच्या यादीतून "इन्फ नेम" निवडा. ओईएम आणि त्यापुढे एखादा आकडा, शेवटी डॉट आयएनएफ असं नाव दिसेल, समजा ओईएम सतरा. बाहेरून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला विंडोज असं क्रमांकाचं नाव देते. ते लिहून घ्या. मग "कमांड प्रॉम्प्ट" शोधा, त्यावर उजवं क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. आत एक शब्द टाइप करायचा, अक्षरं लिहून घ्या: पी, एन, पी, यू, टी, आय, एल. मग एक जागा सोडून तिरकी रेघ, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळेवरची, आणि तिला चिकटून डिलीट, आडवी छोटी रेघ, ड्रायव्हर. मग जागा सोडून ते ओईएमचं पूर्ण नाव, डॉट आयएनएफसकट. पुन्हा जागा सोडून तिरकी रेघ आणि अनइन्स्टॉल. एंटर. विंडोज सातवर याच शब्दानंतर छोटी रेघ आणि डी, मग ओईएमचं नाव, एवढंच. आकडा दोनदा तपासा. सतराऐवजी एकाहत्तर लिहिलंत तर बिचारा दुसराच कुणी जाईल.

चुकीचा ड्रायव्हर गेला, पण काम अर्धंच झालं. त्याच्या जागी योग्य ड्रायव्हर यायला हवा. आवाजाच्या बाबतीत मी एक गोष्ट आधी करून बघायला सांगेन. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आवाजाच्या भागावर उजवं क्लिक, "अपडेट ड्रायव्हर", मग "ब्राउझ माय कॉम्प्युटर", आणि त्यानंतर "लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट". यादीत "हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस" असं नाव असेल तर ते निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. त्यात कंपनीच्या ड्रायव्हरमधले जादा नखरे नसतात, पण आईशी बोलायला आणि भजन ऐकायला तो पुरतो. जुन्या लॅपटॉपवर मी तर तोच पसंत करते.

कंपनीचाच ड्रायव्हर हवा असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन यंत्राखालचा सिरियल किंवा सर्व्हिस क्रमांक टाका. मॉडेलच्या नावावर जाऊ नका, कारण मघाशी सांगितलं तसं आतली चिप वेगळी असू शकते. खात्री करायची असेल तर "डिटेल्स"मध्ये "हार्डवेअर आयडीज" बघा. तिथे व्हीईएन या तीन अक्षरांपुढे चार खुणा असतात. 8086 म्हणजे इंटेल, 10ईसी म्हणजे रिअलटेक, 10डीई म्हणजे एनव्हिडिया, 1002 म्हणजे एएमडी. ही यंत्राची जात सांगणारी खूण आहे, ती खोटं बोलत नाही. रिअलटेकच्या चिपवर इंटेलचा वाय-फाय ड्रायव्हर बसवायचा प्रयत्न झाला असेल तर इथे लगेच उघड होतं.

पडद्याच्या, म्हणजे डिस्प्लेच्या ड्रायव्हरबद्दल थोडक्यात. तो काढल्यावर अक्षरं मोठी आणि ओबडधोबड दिसतील, घाबरू नका. "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर" तात्पुरता कारभार पाहत असतो. योग्य ड्रायव्हर बसला की चित्र पूर्ववत होतं.

आता समजा यंत्र नीट चालूच होत नाही, निळा पडदा येतो आणि परत रीस्टार्ट होतं. तेव्हा "सेफ मोड"मध्ये जायचं. त्यात विंडोज अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन उठते, त्यामुळे बिघडलेला बहुधा बाहेर राहतो. विंडोज सातमध्ये चालू होताना एफ आठ दाबत राहायचं. विंडोज दहामध्ये शिफ्ट धरून ठेवून रीस्टार्ट दाबा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की चार. लॉगिनच्या पडद्यापर्यंतही यंत्र पोचत नसेल तर दोन-तीन वेळा सुरुवात अर्धवट राहिल्यावर ही यादी बहुधा आपोआप समोर येते. काही लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद केलेली असते, ते इथे अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतात. ती पुष्कळदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. काम सुरू करण्याआधीच ती शोधून कागदावर लिहून ठेवलेली बरी. सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजर नेहमीसारखा चालतो. कंट्रोल पॅनेलमधून प्रोग्रॅम काढायला गेलात तर मात्र पुष्कळसे नकार देतील, कारण त्यांना लागणारी विंडोज इन्स्टॉलर सेवा तिथे चालू नसते. त्यावर डोकं आपटत बसू नका.

प्रिंटरची तऱ्हा निराळी. सेटिंग्जमधून प्रिंटर काढला तरी त्याचा ड्रायव्हर मागे राहतो, आणि तोच प्रिंटर परत जोडला की तोच चुकीचा ड्रायव्हर पुन्हा येऊन चिकटतो. त्यासाठी "प्रिंटर्स अँड स्कॅनर्स" या पानावर "प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज" शोधा, त्यात "ड्रायव्हर्स" उघडा, नाव निवडून "रिमूव्ह" आणि मग "रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज". "वापरात आहे" असं म्हणून नकार आला तर "सर्व्हिसेस"मध्ये जाऊन "प्रिंट स्पूलर" रीस्टार्ट करा आणि लगेच पुन्हा प्रयत्न करा. नवा ड्रायव्हर बसवताना प्रिंटरची यूएसबी केबल आधी काढून ठेवा आणि प्रोग्रॅम सांगेल तेव्हाच लावा. केबल आधी लावली की विंडोज घाई करून आपल्या मनानं काहीतरी बसवते, आणि पुष्कळदा घोळाची सुरुवात तिथेच झालेली असते.

जुन्या स्कॅनरसाठी कंपनीनं नव्या विंडोजचा ड्रायव्हर काढलाच नसेल तर कितीही शोधून तो मिळणार नाही. तेव्हा भलत्याच ठिकाणाहून उतरवू नका. व्ह्यूस्कॅन नावाचा एक प्रोग्रॅम आहे, तो विकत घ्यावा लागतो, पण शेकडो जुन्या स्कॅनरांशी तो स्वतःच बोलतो. आजोबांची पत्रं आणि जुने अल्बम स्कॅन करायचे असतील तर चांगला स्कॅनर नुसत्या ड्रायव्हरपायी कचऱ्यात जाऊ नये, म्हणून हे सांगितलं.

एवढं करूनही काही दिवसांनी विंडोज अपडेट तोच नको असलेला ड्रायव्हर घेऊन आलं तर? शोधपट्टीत "डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज" टाइप करा आणि "नो" निवडा. याचा तोटाही आहे. पुढे एखादा नवा प्रिंटर किंवा वेबकॅम लावलात तर त्याचा ड्रायव्हर आपोआप येईलच असं नाही. म्हणून "नो" केल्याची नोंद त्या कागदावर करा.

आणि कधी कधी दोष ड्रायव्हरचा नसतोच. ते ताडून बघायची माझ्या मते सर्वांत स्वच्छ रीत म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून पाहणं. लिनक्स मिंटसारखी प्रणाली डिस्कवर काहीही न बसवता पेन ड्राइव्हवरून चालते. तिथे आवाज आला, वाय-फाय दिसलं, तर यंत्र धडधाकट आहे आणि भांडण विंडोजच्या ड्रायव्हरशी आहे. तिथेही शुकशुकाट असेल तर बहुधा चिप किंवा स्पीकरच गेलेला आहे. मग दहा-वीस पौंडांना किंवा डॉलरला मिळणारं यूएसबीचं आवाजाचं किंवा वाय-फायचं छोटं उपकरण लावणं हे जुन्या लॅपटॉपसाठी जास्त शहाणपणाचं.

उलट प्रकारही घडलेला आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये विंडोज अपडेटमधून एफटीडीआय या कंपनीच्या चिपांचा एक ड्रायव्हर आला. या चिपा यूएसबी ते सिरियल केबलमध्ये असतात. हा ड्रायव्हर नकली चिप ओळखून तिचा ओळखक्रमांक शून्य करून टाकत असे, आणि ती केबल कुठल्याही संगणकावर ओळखली जाईनाशी होई. लोकांनी बराच आरडाओरडा केल्यावर तो मागे घेतला गेला. म्हणजे केबल कालपर्यंत चालत होती आणि आज मेली, यात वापरणाऱ्याचा हात लागलेलाच नव्हता.

घरातल्या ज्येष्ठांना एक सांगा. "तुमच्या संगणकात ड्रायव्हर बिघडलाय, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा. मायक्रोसॉफ्ट असा आपणहून फोन करत नाही. पलीकडचा माणूस डिव्हाइस मॅनेजर उघडायला सांगून पिवळे त्रिकोण दाखवेल, भीती घालेल, आणि मग दुरून संगणक हातात घेऊ द्या म्हणेल. आता तुम्हाला त्या त्रिकोणाचा अर्थ माहीत आहे.

विंडोज सातचा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला, आणि विंडोज दहाचा 14 ऑक्टोबर 2025 ला. ड्रायव्हर दुरुस्त झाला म्हणून त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नका. फोटो, जुन्या फाइल्स, स्कॅनर, प्रिंटर यांसाठी ते अजून खूप चालेल. आज लिहिलेला कागद, म्हणजे कोड, ड्रायव्हरचं नाव, तारीख, आवृत्ती आणि तुम्ही काय काढलंत ते, लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा. पुढच्या खेपेला तुमचा भाचा पुण्याहून फोनवर "मावशी, आधी काय होतं?" असं विचारेल तेव्हा तो उपयोगी पडेल.

पुढच्या आठवड्यात जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा ते पाहू. नमस्कार.